ॲनचा पगार कोणी द्यायचा?

दर वर्षी जूनच्या अखेरीस, २७ तारखेच्या आसपास, अनेक शाळांतून आणि संस्थांतून हेलन केलर यांची जयंती साजरी होते. तसबिरीला हार घातला जातो, एखादी विद्यार्थिनी पाठ केलेले भाषण म्हणते, प्रमुख पाहुणे इच्छाशक्तीपुढे काहीही अशक्य नसते असा बोध करतात आणि चहापानाने समारंभाची सांगता होते. या समारंभांना माझा आक्षेप नाही. त्यांतून जे नेमाने वगळले जाते त्याला आहे.

वगळले जाते ते असे. बालपणी दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेल्या या बाई १९०९ साली अमेरिकेच्या सोशॅलिस्ट पक्षाच्या सभासद झाल्या. अंधांच्या स्थितीचा अभ्यास करताना त्यांना दिसून आले की, पुष्कळसे अंधत्व हे दैवाने आलेले नसून कारखान्यांतील असुरक्षित यंत्रे, गलिच्छ वस्त्या आणि दारिद्र्य यांतून निपजलेले आहे. हे त्यांनी जाहीरपणे मांडताच, काल त्यांची स्तुतिस्तोत्रे गाणाऱ्या एका वृत्तपत्राने त्यांची मते म्हणजे त्यांच्या शारीरिक उणिवांचा परिणाम होय असे लिहिले. हेलनबाईंनी १९१२ साली त्याला सडेतोड उत्तर दिले आणि सामाजिकदृष्ट्या आंधळे व बहिरे कोण आहे ते दाखवून दिले.

आणखी एक गोष्ट वगळली जाते. पोलाद-सम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी देऊ केलेले वर्षासन त्यांनी प्रथम नाकारले होते. पण १९१३ साली परिस्थितीने गांजून ते त्यांना स्वीकारावे लागले. पुढे १९२० नंतर काही वर्षे त्यांनी मनोरंजनाच्या रंगमंचावर, कसरतपटू आणि विनोदी नटांच्या मालिकेत उभे राहून पोट भरले. पदवी मिळवलेल्या, ग्रंथ लिहिलेल्या, जगद्विख्यात अशा बधिरांध स्त्रीची ही कथा! तिला सन्मान मिळाला, आश्रय मिळाला. रोजगाराचा हक्क तेवढा मिळाला नाही.

या कथेतील सर्वांत महत्त्वाचे पात्र मात्र हेलन नव्हे. ते आहे ॲन सुलिव्हान. आयरिश निर्वासितांच्या पोटी जन्मलेली, अनाथ-निराधारांच्या सरकारी आश्रमात वाढलेली, स्वतः अधू दृष्टीची ही वीस वर्षांची मुलगी १८८७ साली हेलनच्या वडिलांच्या घरी पगारी शिक्षिका म्हणून आली आणि १९३६ साली मृत्यू येईपर्यंत हेलनच्या तळहातावर अक्षरे रेखीत राहिली. हेलनजवळ बुद्धी होती, जिद्द होती. पण ॲन नसती तर ती बुद्धी आणि ती जिद्द अलाबामातील एका घरात कोंडून राहिली असती. जयंतीच्या समारंभात जो प्रश्न कोणी विचारीत नाही तो विचारण्यासाठी हा लेख आहे : ज्यांच्या वडिलांजवळ शिक्षिका नेमण्याइतके पैसे नाहीत, त्यांच्या ॲनचा पगार कोणी द्यायचा?

प्रश्न काल्पनिक नाही हे दाखवण्यासाठी माझ्या परिचयातील एका कुटुंबाची हकीकत सांगतो. इचलकरंजीतील एका यंत्रमाग कामगाराचा हा मुलगा. आई गरोदर असताना तिला अंगावर पुरळ येऊन थोडा ताप आला होता. दोन दिवसांत उतरला म्हणून कोणी मनावर घेतले नाही. मूल जन्मले ते दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि कानांना ऐकू नाही अशा अवस्थेत. जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, या आजाराचे हे ओळखीचे लक्षण आहे. आठव्या वर्षी तो परगावच्या एका निवासी विशेष शाळेत गेला. तेथे हातावर हात ठेवून खुणा शिकला, स्वतःचे कपडे, स्वतःचे ताट-वाटी, स्वतःची वेळ सांभाळायला शिकला. ही वेळ शिकवण्याची रीत सांगण्यासारखी आहे. एका फळीवर ओळीने खण असतात. पहिल्या खणात चमचा म्हणजे न्याहारी, दुसऱ्यात काठीचा तुकडा म्हणजे फिरणे, तिसऱ्यात पंचा म्हणजे आंघोळ. काम संपले की वस्तू ‘झाले’च्या पेटीत टाकायची. ज्याला घड्याळ दिसत नाही आणि भोंगा ऐकू येत नाही, त्याला काल, आज आणि उद्या यांची ओळख अशी स्पर्शाने होते.

मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि शाळेची मुदत संपली. प्रमाणपत्र घेऊन तो घरी आला. घरात त्याची भाषा कोणालाच येत नव्हती. सुटीत शाळेने शिकवलेल्या पाच-सहा खुणा आईला येत, तेवढ्यावर दिवस ढकलायचा. आई कांड्या भरण्याच्या कामावर जात असे. ते तिला सोडावे लागले. बापाने हिय्या करून त्याला काही दिवस आपल्या कारखान्यात नेले. माग चालू आहे की बंद पडला हे त्याला जमिनीच्या थरथरीवरून कळे. शिल्लक सूत राहिलेल्या कांड्या रिकाम्या कांड्यांतून वेगळ्या काढण्याचे काम तो बोटांनी बिनचूक करी. परंतु संडासला कोठे जायचे, सुटी केव्हा झाली, कोणते यंत्र कोठे हलवले, हे त्याला सांगणारे तेथे कोणी नव्हते. बाप चार माग सांभाळील की मुलाला? आठवड्याच्या शेवटी मालकाने त्याच्या हातावर चहापाण्याचे पैसे ठेवले आणि आपण पुण्य केले असे समजून तो मोकळा झाला. काही आठवड्यांनी ते जाणेही थांबले. आज तो तेवीस वर्षांचा आहे आणि खाटेवर बसून असतो. शाळेने दहा वर्षांत जे कमावले ते घरातल्या पाच वर्षांत विरत चालले आहे.

या मुलाचे काय चुकले? शाळेचेही फारसे चुकले असे मला वाटत नाही. तिने आपले काम केले. चुकली ती व्यवस्था. तिच्या हिशेबी शिक्षण म्हणजे अठराव्या वाढदिवशी बंद होणारे खाते आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने सहा ते अठरा वयाच्या मुलांना विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. चांगले झाले. परंतु ज्याला एक खूण आत्मसात करायला महिने लागतात, ज्याचे भाषाशिक्षणच आठव्या वर्षी सुरू झाले, त्याला आणि डोळे-कान शाबूत असलेल्या मुलाला एकच घड्याळ लावणे ही कोणती समता? अमेरिकेत १९९० च्या कायद्याने, विशेष शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रौढ जीवनाची लेखी योजना तो सोळा वर्षांचा होईपर्यंत शाळेने तयार केलीच पाहिजे असे बंधन घातले. आणि बधिरांध तरुणांना व प्रौढांना प्रशिक्षण देणारे राष्ट्रीय केंद्र उभारण्याचा कायदा तेथे १९६७ सालीच झाला. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरी जे कायद्याने बांधून घेतले गेले, ते आपल्याकडे अजून संस्थाचालकाच्या सद्भावनेवर सोडलेले आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बधिरांधत्व म्हणजे अंधत्व अधिक बधिरत्व अशी बेरीज नव्हे. अंध मनुष्य कानांनी आपली उणीव भरून काढतो, बधिर मनुष्य डोळ्यांनी. बधिरांधाच्या बाबतीत भरपाईच्या दोन्ही वाटा अडलेल्या असतात. सर्वांनाच संपूर्ण काळोख आणि संपूर्ण शांतता असते असेही नाही. अनेकांना थोडे दिसते वा थोडे ऐकू येते, पण एकाने दुसऱ्याची तूट भरून निघत नाही. म्हणून अंधशाळेत त्याला बोललेले कळत नाही आणि बधिरशाळेत फळा दिसत नाही. काहींचे तर दुःख वेगळेच असते. अशर या आनुवंशिक व्याधीत मूल जन्मतः बधिर असते आणि पौगंडावस्थेत त्याची नजर आकसत जाते. प्रथम रातांधळेपणा येतो, मग बाजूचे दिसेनासे होते. बधिरशाळेतला हा मुलगा संध्याकाळी अडखळतो, वाटेतल्या बादलीला पाय लावतो, आणि शिक्षक त्याला धांदरट म्हणून रागावतात. त्याला ब्रेल, पांढरी काठी आणि हातावरच्या खुणा शिकवायच्या त्या नजर शिल्लक असतानाच. तेराव्या-चौदाव्या वर्षी ही संधी हुकली की ती पुन्हा येत नाही.

तेव्हा प्रौढ जीवनाची तयारी म्हणजे सोळाव्या वर्षी मेणबत्त्या ओतायला बसवणे नव्हे. वर्षातून एकदा दिवाळीच्या प्रदर्शनात पणत्या आणि कागदी पिशव्या मांडायच्या, सहृदय बायकांनी त्या दयेपोटी विकत घ्यायच्या आणि त्याला स्वावलंबन म्हणायचे, हा प्रकार आता पुरे झाला. तयारी याचा अर्थ, मुलाचे गाव, त्याच्या घरचा धंदा आणि त्याची आवड ध्यानात घेऊन चौदाव्या वर्षापासून खऱ्या कामाच्या जागी त्याला नेऊन पाहणे. शेळ्या राखणाऱ्याच्या मुलाला शेळ्या, रोपवाटिकेच्या गावातल्या मुलीला रोपे, मागाच्या गावातल्या मुलाला कांड्या. कोणत्या कामाचा कोणता भाग केवळ स्पर्शाने होऊ शकतो, याची जागेवर जाऊन फोड करणारा शिक्षक त्याला हवा. नाणी आणि नोटा ओळखणे, एस. टी.च्या थांब्यापर्यंत जाणे, आपल्या शरीरात होणारे बदल समजणे, कोणी अंगाला हात लावला तर तो कशासाठी हे ओळखणे आणि ‘नको’ म्हणणे, याही त्याच तयारीच्या गोष्टी आहेत. ज्याचे सारे जीवन दुसऱ्याच्या हाताने चालते त्याला नकार देता येणे हा नागरिकत्वाचा पहिला धडा आहे. म्हणूनच चांगले शिक्षक मुलाचा हात धरून ओढीत नाहीत. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवतात, म्हणजे त्याला हवा तेव्हा काढून घेता येतो.

आता कायद्याकडे वळू. १९९५ च्या कायद्याने मोजलेल्या सात अपंगत्वांत बधिरांधत्व नव्हतेच. २०१६ च्या कायद्याने त्याचा नावाने उल्लेख केला, हे त्यासाठी झगडलेल्या पालकांचे आणि कार्यकर्त्यांचे श्रेय होय. पण वाटणी कशी केली पाहा. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव. त्यांपैकी एक टक्का अंधांना, एक टक्का बधिरांना, एक टक्का चलनवलनाचे अपंगत्व असणाऱ्यांना, आणि उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार आणि बधिरांधत्वासह सर्व बहुविकलांग यांना मिळून! एका भाकरीचे इतके वाटे केल्यावर शेवटच्याच्या हाती काय येणार? याच कायद्यात काळजीवाहकासाठी भत्त्याची तरतूद आहे. ती वाचून समाधान वाटते, तोच कलमाच्या आरंभीचे शब्द नजरेस पडतात : सरकारने हे सारे आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करावयाचे आहे. उद्योगपतींना करसवलत देताना ही मर्यादा कोणत्या कलमात घातलेली असते, हे अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवूनही मला सापडलेले नाही. केंद्र सरकारचे अपंग निवृत्तिवेतन २०१२ पासून महिना तीनशे रुपयांवर थिजलेले आहे. तेही दारिद्र्यरेषेखालील आणि ऐंशी टक्क्यांवर अपंगत्व असलेल्यांनाच. राज्य सरकार त्यात आपली भर घालते हे खरे. पण केंद्राने तीनशे रुपयांत एका माणसाचे मोल ठरवले आहे हेही खरे. २०१५ साली पंतप्रधानांनी ‘अपंग’ शब्द टाकून ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचवले आणि सर्व पाट्या बदलल्या. शरीरात दिव्यत्व आले. वेतनात मात्र आले नाही.

‘देश गरीब आहे, एवढा खर्च कोठून करायचा?’ हा आक्षेप सुशिक्षितांकडून नेहमी येतो. त्याचे उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे. इचलकरंजीच्या त्या घरात खर्च होत नाही असे कोणाला वाटते? आईची मजुरी बुडाली, हा खर्च आहे. दहा वर्षे शाळेने, म्हणजे समाजाने, जे शिकवले ते वाया गेले, हा खर्च आहे. एक धडधाकट हातांचा तरुण उत्पादनाबाहेर बसला, हा खर्च आहे. फरक एवढाच की हा खर्च सरकारच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. तो एका कामगार स्त्रीच्या अंगावर लिहिलेला असतो. आज या देशात बधिरांध मुलांची ॲन म्हणजे त्यांची आई आहे, आणि ती बिनपगारी आहे. अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या स्टॅनफर्ड येथील व्याख्यानात विचारले होते की, समता मागायची ती नेमकी कशाची? सारख्या पैशांतून सारखे जगणे निर्माण होत नाही. अपंग माणसाला तेवढेच काही करता येण्यासाठी अधिक साधने लागतात. तेव्हा त्याला अधिक देणे ही मेहेरबानी नसून समतेची किमान अट आहे.

आणि या मुलांच्या बाबतीत शासनाचे देणे आणखी एका कारणाने लागते. रुबेलाची लस जगात १९६९ पासून उपलब्ध आहे. खाजगी दवाखान्यात पैसे मोजणाऱ्यांच्या घरी ती पोचत होती. गोवर-रुबेला लसीची राष्ट्रीय मोहीम मात्र फेब्रुवारी २०१७ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत जी मुले मातेच्या उदरातच या रोगाने ग्रासली गेली, त्यांचे अपंगत्व दैवाचे की धोरणाचे? लसीपूर्वी जन्मलेल्या या मुलांपैकी अनेक आज चौदा ते अठरा वयात आहेत. हेलनबाईंनी शंभर वर्षांपूर्वी जे सांगितले तेच आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे.

दुसरा आक्षेप संख्येचा. ही मुले असतील किती? पण मोजले कोणी? २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग नोंदले गेले. त्यांत सुमारे एकवीस लाख ‘बहुविकलांग’ या एका रकान्यात कोंबले गेले आणि बधिरांधांना स्वतंत्र रकानाच नव्हता. जागतिक बधिरांध महासंघाने २०१८ च्या अहवालात तीव्र बधिरांधत्वाचे प्रमाण लोकसंख्येच्या ०.२ टक्के धरले आहे. त्यांत वृद्धांचा भरणा मोठा हे लक्षात घेतले तरी, आपल्यासारख्या देशात ही मूठभरांची बाब उरत नाही. आणि ती मूठभरांची असती तरी काय बिघडते? ज्याची संख्या कमी त्याचा हक्क कमी, असे मानणारा समाजवाद मला ठाऊक नाही.

आता थोडे आपल्याविषयी. साथींना हे आवडणार नाही, तरी लिहिले पाहिजे. महाराष्ट्राने १९७२ नंतर रोजगार हमी योजना राबवली आणि १९७७ साली तिचा कायदा केला, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. आपले कितीतरी कार्यकर्ते त्या कामांवर मजुरांबरोबर उभे राहिले. पण त्या कायद्याने हमी दिली ती अंगमेहनतीचे अकुशल काम करण्यास तयार असलेल्या प्रौढाला. ‘मागेल त्याला काम’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे कुदळ-पाटी पेलणारा धडधाकट मनुष्य होता. ज्याला मागताच येत नाही, ज्याच्या मागण्याची भाषा ऐकणारा कोणी नाही, त्याचे काय, हा प्रश्न आपल्या घोषणेत नव्हता. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात अपंग कामगारांना त्या कायद्यातून वगळण्याची मुभा सरकारला होती. त्या कायद्याविरुद्ध आपण अनेक मोर्चे काढले. या कलमाविरुद्ध एकही काढल्याचे मला आठवत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात वेतन संहितेने त्या कायद्याची जागा घेतली, परंतु अपंगाला मजुरी द्यायची नसते, खाऊला पैसे द्यायचे असतात, ही दृष्टी कारखानदारांत आहे तशीच आपल्या संघटनांतही आहे. हा विषय आपण दानशूर मंडळींवर सोपवला, आणि दानशूरांनी तो समारंभांवर.

यापुढे आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, प्रत्येक बधिरांध मुलाची प्रौढ जीवनाची लेखी योजना चौदाव्या वर्षी तयार व्हावी. ती पालक, शाळा आणि खुद्द त्या मुलाने मिळून करावी, आणि शासनाची जबाबदारी अठराव्या वर्षी न संपता पंचविसाव्यापर्यंत चालू राहावी. दुसरी आणि मुख्य, हातावरच्या खुणांनी जगाशी गाठ घालून देणारा दुभाषी-सोबती ही सार्वजनिक सेवा समजून त्या पदावर नियमित वेतनाने नेमणुका व्हाव्यात. खेडोपाडीच्या शिकलेल्या तरुण-तरुणींना यातून रोजगार मिळेल, आणि आईला तिचा रोजगार परत मिळेल. तिसरी, काम करणाऱ्या बधिरांध व्यक्तीला पूर्ण किमान वेतन मिळावे. तिच्या वेगात काही तूट असेल तर ती मालकाने मजुरीतून कापू नये, शासनाने भरून द्यावी. चौथी, पुढील जनगणनेत बधिरांधांची स्वतंत्र नोंद व्हावी.

मागण्या करणे सोपे आहे. म्हणून एक काम आपल्या अंगावर घ्यायचेही सुचवतो. प्रत्येक तालुका शाखेने येत्या सहा महिन्यांत आपल्या तालुक्यातील अशा मुलांचा शोध घ्यावा. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांना घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षणहक्क कायद्यात आला. पर्याय म्हणून तो योग्य होता, पण अनेक ठिकाणी त्याचा अर्थ हजेरीपटावर नाव आणि माजघरात मूल एवढाच उरला आहे. अशी माजघरे आपल्या कार्यकर्त्यांनी पाहावीत. जमल्यास पाच-दहा खुणा शिकून जावे, आणि त्या मुलाच्या हाताखाली आपला हात ठेवावा. तो प्रथम चाचपडेल, कदाचित झिडकारील. मग ‘कोण?’ असे विचारील. त्याच्या खुणेचे उत्तर देण्याइतकी भाषा आपल्या पक्षाला आली, तर मग ‘मागेल त्याला काम’ ही घोषणा आपण पुन्हा एकदा निःशंक मनाने देऊ शकू.